घड्याळ धर

सुहास गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच द्यायची होती. सात आठवड्यांपूर्वी इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये, भर दुपारी, त्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर मी होतो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मिल्टन कीन्सला त्याच्या बायकोला, मधुराला, फोन लावला तेव्हा माझ्या शर्टाच्या बाहीवर त्याचं रक्त वाळलं होतं. "भांडला का रे कुणाशी?" हा तिचा पहिला प्रश्न. मी नाही म्हणालो. तेवढं खरं होतं. पुढचं पोलिसांना सांगितलं, तिला नाही...

तिचा प्रश्न वावगा नव्हता. सुहास मारकुटा होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण तसं केलं तर तो तुम्हाला कळणारच नाही. नागपुरात इंजिनिअरिंगला आम्ही रूममेट. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये एकानं मला बापावरून शिवी दिली आणि सुहासनं त्याचे दोन दात पाडले. त्याची एक रीत होती. मारामारीआधी मनगटावरचं घड्याळ काढायचा, वडिलांनी दिलेलं, चावीचं, आणि माझ्या हातात द्यायचा. "घड्याळ धर बे." मग समोरच्याचं काही खरं नसे. काम उरकलं की रक्ताळलेला हात पुढे करून म्हणायचा, "आण." इंग्लंडला आला, मोठ्या हुद्द्यावर गेला, तरी मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटवर कुणी आडवी गाडी घातली तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थानं त्या गाडीचा आरसा लाथेनं उडवला आणि चालवणाऱ्याला कॉलर धरून खिडकीतून अर्धा बाहेर ओढला. कोर्टाची पायरी चढावी लागली. मधुरा चार महिने त्याच्याशी धड बोलत नव्हती. खोटं कशाला सांगू, मला त्याच्या रागाची मजा वाटायची. घड्याळ हातात आलं की मलाही चेव चढे. मार खाणारे लोक मला फार उशिरा दिसले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं ऑसाकाला गेलो. काम त्याच्या कंपनीचं, मी सुट्टी काढून चिकटलेला. रविवारी त्यानं गाडी भाड्यानं घेतली. "ट्रेननं शहर दिसत नाही, नुसती स्टेशनं दिसतात," म्हणाला आणि मधुराला दाखवायला फोन डॅशबोर्डवर लावून शूटिंग चालू केलं. उमेदा भागातल्या काचेच्या इमारती, मग लोकांच्या ऑफिसच्या खिडक्यांना खेटून जाणारा उंच हायवे, तेन्नोजीची गर्दी, आणि दक्षिणेला सुमियोशीकडे रस्त्याच्या मधोमध संथ चाललेली एका डब्याची ट्राम. तिथं त्यानं हट्टानं गाडी गल्लीत घातली. वर तारांचं जाळं, खाली दारोदार कुंड्या, सायकली, गॅलऱ्यांत वाळत टाकलेल्या गाद्या. दोन तासांत एकानंही हॉर्न वाजवला नव्हता आणि सुहासला त्याचाच त्रास होत होता. "हे लोक राग ठेवतात कुठे बे?"

पुढच्याच वळणावर आम्ही एका उभ्या टेम्पोचा आरसा उडवला आणि तीन कुंड्या फोडल्या. घरातून एक म्हातारा धावत आला. हातात झाडं छाटायची लांब कात्री. सुहासनं सीटचा पट्टा सोडला आणि घड्याळ माझ्या मांडीवर टाकलं. "धर." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते त्याला परत दिलं. "घड्याळ घाल. उतर, सॉरी म्हण. चूक आपली आहे." का म्हणालो, माहीत नाही. त्या म्हाताऱ्याच्या एकाच पायात चप्पल होती, म्हणून असेल. सुहास उतरला. म्हाताऱ्यानं कात्री खाली ठेवली आणि आधी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, काच लागली का म्हणून. मग कमरेत वाकला. सुहासही वाकला. पोलीस येऊन सगळं लिहून घेईपर्यंत दोघं मिळून सांडलेली माती भरत होते. गाडीत बसल्यावर तो आपले तळहात बघत म्हणाला, "मारायला वळलेले हात होते रे... आणि त्यानं ते धरले."

माणूस बदलला वगैरे म्हणणार नाही. क्रिकेट बघताना रिमोट फोडतच होता. पण गाडीतून भांडायला पुन्हा उतरला नाही.

वॉटफर्डला आम्ही किराणा घेऊन निघालो होतो. रिव्हर्स घेताना मागच्या गाडीला धक्का लागला. ओरखडा असेल बोटभर. तो माणूस शिव्या देत उतरला आणि आमच्या टपावर बुक्क्या मारू लागला. सुहासनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, कपाळाची शीर उडत होती. दारं लॉक होती. काचा वर करून बसता आलं असतं. पण मी शहाणा. म्हणालो, "उतर, सॉरी म्हण." तो उतरला. हात जोडून म्हणाला, "सॉरी मेट, माय फॉल्ट." पहिला ठोसा जबड्यावर बसला, दुसरा कानशिलावर. सुहासनं हात उचललाच नाही. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. तो आवाज मला लिहिता येणार नाही. पडलेल्याला त्या माणसानं लाथा घातल्या, मी मध्ये पोचेपर्यंत घालत राहिला. केस कोर्टात आहे, म्हणून त्याच्याबद्दल अधिक लिहीत नाही. मनात मात्र मी त्याला रोज मारतो, सुहास मारायचा तसाच, दात पडेपर्यंत.

गेल्या रविवारी मधुराकडे गेलो. टीव्हीवर ऑसाका चालू होतं; हल्ली ती ते लावून ठेवते. उमेदा गेलं, ट्राम गेली, गल्ली आली. कुंड्या फुटल्या आणि खोलीत माझाच आवाज आला, "घड्याळ घाल. उतर, सॉरी म्हण." तिनं चित्र थांबवलं.

"वॉटफर्डलाही हेच म्हणालास ना?"

"हो."

"मला वाटलंच. पोलिसांनी सामान परत दिलं तेव्हा म्हणाले, घड्याळ हातातच होतं. भांडायला उतरला असता तर ते तुझ्याकडे असतं." मग म्हणाली, "तुला माफ केलं असं समजू नकोस. मला अजून जमत नाहीये ते."

ती आत गेली आणि घड्याळ घेऊन आली. काच तडकलेली, पट्ट्याच्या भोकांत अजून काळं काहीतरी. तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"धर," म्हणाली, आणि थांबवलेलं चित्र चालू केलं. म्हातारा त्याचे हात उलटेसुलटे करून बघत होता.

घड्याळ माझ्याकडेच आहे. रोज सकाळी चावी देतो. "आण" म्हणणारा हात काही पुढे येत नाही.