पडलेल्या चेंडूला हात न लावणारा दिगू

परदेशात चार मराठी माणसं जमली की किस्से आपोआप साचतात. आखातातल्या आमच्या अल हैलच्या ग्रुपमध्ये तर अर्धे किस्से एकट्या दिगूचेच. आणि त्यातले अर्धे मला अजून कळलेले नाहीत!

दिगू म्हणजे देवगडचा एसी मेकॅनिक. शुक्रवारी सकाळी आम्ही ग्राउंडवर क्रिकेट खेळायचो. एकदा माझ्या ऑफिसातला कॅनडाचा इंजिनिअर जाळी लावलेल्या काठ्यांची थैली घेऊन आला. "आजपासून लॅक्रॉस! या जाळीत चेंडू झेलायचा आणि गोल करायचा!" म्हणाला आणि आमचा कोच झाला. काठी बघून दिगूने मला विचारलं, "ह्यो तर झेलो! हय आंबे खंय?" झेलो म्हणजे झाडावरचे आंबे उतरवायची जाळीची काठी.

त्याच दिवशी त्याने पाच गोल केले. नियम मात्र त्यालाही माहीत नव्हते आणि आम्हालाही.

समोरच्या टीमचा गोलकीपर खमीस वैतागायचा. बाकीचे जोरात मारायचे, ते तो अडवायचा. दिगू मात्र चेंडू त्याच्या डोक्यावरून हलकेच जाळ्यात सोडायचा, पेटीत आंबा ठेवल्यासारखा. "हा मारतो कधी?" खमीस मलाच विचारायचा. मी काय सांगणार?

दिगूच्या मालकाला, इकडच्या भाषेत अर्बाबला, एकदा व्हॅनमध्ये ती काठी सापडली. "हे टूल कशाचं?" दिगू म्हणाला, "गोल!" अर्बाबने बराच विचार केला आणि काठी टूल्सच्या यादीत चढवली. दर महिन्याला चेकिंगला दिगू ती पुसून दाखवायचा!

एकच घोळ होता. चेंडू जमिनीवर पडला की दिगू त्याच्याकडे पाठ फिरवायचा. कोचने मला दुभाष्या केलं. मी समजावलं, "सर, पडलेला आंबा आतून मार खातो. तो पेटीत घालत नाहीत."

"पण हा रबराचा आहे!"

मी ते दिगूला सांगितलं. दिगू शांतपणे म्हणाला, "रबराचो असलो म्हणान काय झाला?"

शेवटी कोचने दम दिला. दुबईला स्पर्धेसाठी टीम जाणार होती. शुक्रवारच्या मॅचमध्ये पडलेला चेंडू उचलला तरच दिगूचं नाव यादीत, नाहीतर खलास! दिगूला जायचंच होतं. गावभर फोन करून झाले होते. आठवडाभर तो माझ्यासमोर चेंडू उचलत होता, तोंड कडू करून, पण उचलत होता. मलाच त्याची दया यायची.

त्याच आठवड्यात त्याचे वडील व्हिजिट व्हिसावर आले. मुलाचा खेळ बघायला शुक्रवारी ग्राउंडच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

मॅच बरोबरीत. शेवटचं मिनिट. खमीस पुढे धावून पडला, गोल मोकळा, आणि चेंडू दिगूच्या पायाशी जमिनीवर. दिगूने काठी खाली नेली. आम्ही सगळे ओरडलो, "उचल! यल्ला!"

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "झिला! पडलेल्याक हात लावू नको!"

दिगूने काठी वर घेतली.

समोरच्यांनी चेंडू उचलला, पळवला आणि गोल केला. शिट्टी वाजली. कोच लालबुंद होऊन धावत आला, खुर्चीकडे बोट दाखवून ओरडला, "तो माणूस कोण आहे?"

दिगूने घाम पुसला, वडिलांकडे बघितलं आणि म्हणाला, "अर्बाब!"