खालचा दिवा आणि वरचं ऊन

पेंटरने ब्रश ठेवून माउस धरला, त्याला बारा वर्षं झाली. संगणकावर अक्षर फुगवायचं, एका कडेला उजळ रेघ द्यायची, दुसरीकडे सावली सोडायची, हे तो पन्नाशीत शिकला आणि मग त्याला आवरणं कठीण झालं. घरातल्या पिठाच्या डब्यावरचं 'पीठ'सुद्धा फुगलं. बायको म्हणाली, "डब्यात नाही तेवढं बाहेर आलंय."

लेकीने दातांचा दवाखाना काढला. तिला साधी पाटी हवी होती, तीही दुसऱ्याकडून. "बाबा, तुमची अक्षरं अंगावर येतात हो."

हे त्याला लागलं. "एकदा लावून तर बघ. नाही आवडली तर उतरव. पुन्हा माउसला हात लावणार नाही."

तो दवाखान्यासमोर जाऊन पाहणी करून आला. पाटीचा दिवा पाटीच्या खाली होता. खोटं त्याला खपत नसे. दिवा खाली, म्हणजे उजेड खालून. म्हणून अक्षरांच्या खालच्या कडा उजळ आणि सावल्या वर.

उद्घाटनाच्या दिवशी भर दुपारी पाटी चढली. वर लख्ख ऊन. लेक बघतच राहिली.

"बाबा, अक्षरं आत गेलीत."

"आत कशी जातील? चांगली फुगवलीत!"

"किडल्यासारखी दिसतायत. आणि तीही दातांच्या दवाखान्यावर!"

त्याने रस्ता ओलांडून पाहिलं. खरंच, खड्डेच खड्डे. जन्मभर आकाशाखाली वावरलेले डोळे उजेड वरूनच धरतात; वर सावली दिसली की त्यांना खड्डा वाटतो. त्यांना खालचा दिवा कोण समजावणार?

पाच वाजता लोक येणार होते. लेक 'उतरवा' म्हणाली नाही, नुसती घड्याळ बघत राहिली. ते जास्त वाईट होतं. तो घरी गेला, माळ्यावरचे ब्रश आणि रंग घेऊन आला आणि शिडीवर चढला. वरच्या सावल्यांवर पांढरा, खालच्या कडांवर काळा. लेकीने शिडी धरली. ब्रश हातात आला की बाबांचं तोंड नकळत उघडं राहतं, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

साडेचारला शेवटचं अक्षर बाहेर आलं.

"जमलं का गं?"

लेक पाटीकडे बघतच नव्हती.

"पाटी राहू दे वर. तुम्ही उतरा. वरची डावी दाढ किडलीय तुमची."

"अगं, लोक येतील आता!"

"येऊ देत. खुर्चीत कुणीतरी बसलेलं बरं दिसतं."

पेंटरने तेव्हा कुठे तोंड मिटलं.