मामा आणि बंद काचेचा सिनेमा

भिवंडीत एखादं गुपित ठेवायचं असेल तर ते आमच्या मामांच्या कानात खुशाल ओरडून सांगावं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर पुटपुटूसुद्धा नये. हे मामा माझे सख्खे नव्हेत. माझ्या आईने त्यांना भाऊ मानलंय, कामतघरात आमच्या समोरच्या चाळीत ते राहतात, आणि सख्ख्या मामाने जितकं रागवायचं असतं त्याच्या दुप्पट रागावून त्यांनी ते नातं केव्हाच पक्कं करून टाकलंय. पस्तीस वर्षं ते पॉवरलूमवर होते. एका शेडमध्ये चोवीस लूम एकदम धडधडत असले की माणसाला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. आवाज काढायची तसदी कुणी घेत नाही, नुसती तोंडं हलतात, आणि चहा कुणाचा, शेठ कुठे गेला, कुणाच्या मुलीचं जमलं, सगळं इकडून तिकडे बिनबोभाट पोचतं. या नोकरीने मामांचे कान घेतले आणि डोळे असे करून ठेवले की रस्त्यापलीकडचा माणूस बायकोशी काय भांडला हे त्या माणसापेक्षा मामांच्याच जास्त दिवस लक्षात राहतं.

बरं, नुसतं कळून भागत नाही. कळलेलं पोटात ठेवायचं असतं, हे मामांना कुणी शिकवलंच नाही. त्यातून त्यांचं हळू बोलणं म्हणजे कान गेलेल्या माणसाचं हळू. ‘कुणाला सांगू नको हां’ असं ते म्हणतात तेव्हा कोपऱ्यावरचा रिक्षावाला मान डोलावून ‘नाही सांगत’ म्हणतो. शेलार गावात आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मामा मांडवाच्या या टोकाला जेवायला बसलेले, वरपक्षाची मंडळी त्या टोकाला. मामा एकाएकी घास अर्धा ठेवून उठले आणि वाढप्याला म्हणाले, ‘अरे, नवरदेवाची आत्या बोलते, आमच्या पानात नुसता रस्साच आला. जा, पीस घेऊन जा तिकडं!’ हे सगळ्या मांडवाने ऐकलं, आत्याबाईंनीही ऐकलं. त्यांच्या पानात पीस पडले, पण त्या दिवसापासून मामा दिसले की त्या तोंडावर पदर धरूनच बोलतात. मामांची समजूत अशी की बाई जुन्या वळणाची आहे.

टीव्ही ते आवाज पूर्ण बंद करून बघतात. क्रिकेटची मॅच असली आणि झेल सुटला की गोलंदाज आपल्याच माणसाला नेमका काय म्हणाला, ते बातमी दिल्यासारखं शब्दशः सांगतात, आणि मग मामी उठून टीव्हीच बंद करतात. पौर्णिमेला विहारात वंदना असते, तिथे त्यांना प्रेमाने शेवटच्या रांगेत बसवतात, कारण ते पुढे बसले की बाकीच्यांना आपण म्हणतोय की नाही तेच कळत नाही. माझ्या पहिल्या पगारातून मी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. दोन दिवस त्यांनी ते लावलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, ‘भाच्या, चीज चांगली हाय. पण ह्याच्यात समदेच एकदम बोलतात. आधी मी ज्याच्याकडं बघीन तोच बोलायचा.’ तेव्हापासून ते मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशात कंगव्याशेजारी असतं. बाहेर जाताना मात्र आठवणीने बरोबर घेतात, भाच्याने दिलेलं आहे म्हणून.

तर अशा माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती. मी दापोड्याला एका गोदामात डिस्पॅचचं काम बघतो. तिथे दुसऱ्या शिफ्टला एकजण आहे. त्याच्यावाचून मला करमत नाही आणि माझ्यावाचून त्याला. दोन वर्षं झाली होती. आईला सांगायचं होतंच, पण आई जगात फक्त मामांचं ऐकते, तेव्हा आधी मामांना सांगणं भाग होतं. त्यांना पटलं तर अर्धं काम झालं. नाही पटलं तर माझं एक माणूस गेलं, आणि असं माणूस मला दुसरं नव्हतं. पटो वा न पटो, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कामतघरला कळणार हे नक्की होतं. ते एक वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं. मामांसमोर बसलो की त्याच्याऐवजी ‘मामा, चहा घेणार का’ हेच बाहेर पडायचं, आणि मामा दरवेळी हो म्हणायचे. त्या वर्षात मी त्यांना भयंकर चहा पाजला.

तेवढ्यात आमच्या गावातल्या जुन्या थिएटरला तो सिनेमा लागला. पोस्टरवर दोन मिशीवाले पुरुष आणि मागे ट्रक. थिएटरवाल्याने तो मारामारीचा समजून आणला आणि गावानेही तसाच समजून गर्दी केली. मी मोबाईलवर आधीच वाचलं होतं की एक ट्रक ड्रायव्हर आणि एक पोस्टातला कारकून यांच्या प्रेमाची ती गोष्ट आहे. घरच्यांनी आणि गावाने मोडून काढलेलं प्रेम. म्हटलं, आपल्याच्याने बोलवत नाही तर सिनेमाला बोलू दे, आपण नुसतं मामांचं तोंड बघू. शुक्रवार होता, लूमना सुट्टी. दुपारच्या खेळाला मी मामांना घेऊन गेलो. थिएटर लूमवाल्यांनी भरलेलं होतं.

पहिली वीस मिनिटं सगळे मारामारीची वाट बघत होते. ड्रायव्हर पोस्टात शिरला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘अब मारेगा.’ त्याने कारकुनाला नुसतं पत्ता लिहून द्यायला सांगितलं. ट्रक घाटात बंद पडला तेव्हा, ‘अब गुंडे आएँगे.’ गुंड आले नाहीत, कारकून डबा घेऊन आला, आणि ड्रायव्हरने त्याला आपल्या खोलीची चावी कुठे असते ते सांगितलं. मग एका प्रसंगात त्याने ड्रायव्हरच्या बोटातला काटा काढला आणि बोट सोडलंच नाही. थिएटरात एकदम शांतता पसरली. मग एक शिट्टी आली, मग दहा आल्या. एकजण ‘ये क्या चालू है?’ म्हणून ओरडला, चारजण तावातावाने बाहेर गेले. आमच्या मागे खांद्यावर टॉवेल टाकलेले एक उत्तर प्रदेशी चाचा बसले होते. त्यांनी जाहीर केलं, ‘पैसा वापस लेंगे,’ आणि पाय वर घेऊन आणखी आरामात बसले. बाहेर गेलेले चौघे सामोसे घेऊन परत आले आणि दारातच उभं राहून पुढचं बघू लागले. ‘हम देख नहीं रहे, खड़े हैं,’ असं त्यांनी डोअरकीपरला सांगितलं.

या सगळ्या गोंगाटात मामा गप्प होते. एरवी सिनेमात हिरोने चप्पल कुठे काढली यावरही ज्यांचं मत असतं, ते मामा अवाक्षर बोलत नव्हते. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. मध्यंतरात मी धीर करून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, ‘कसा वाटतोय?’ त्यांनी बराच वेळ चावून सांगितलं, ‘सामोसा गार हाय.’ मी मनातल्या मनात ते पाठ केलेलं वाक्य फाडून टाकलं.

मध्यंतरानंतर कारकुनाच्या बापाने त्याला खोलीत कोंडलं, आणि आमचं थिएटर कोणतीही सूचना न देता पक्ष बदलून मोकळं झालं. आधी शिट्ट्या मारणारेच आता बापाला शिव्या घालू लागले. पैसे परत मागणारे चाचा खुर्चीच्या कडेवर आले होते. ‘अरे, खाना तो दे उसको!’ ते कळवळून म्हणाले. बायकांच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती आणि तिची सोबतीण तिला सांगत होती, ‘अगं, पिक्चर हाय तो.’ असं सांगता सांगता ती स्वतःच रडायला लागली. दारातले चौघे कधी आत येऊन बसले ते कुणाला कळलंही नाही.

शेवटी बाप कारकुनाचं लग्न लावायला त्याला दूरच्या गावी घेऊन निघतो. एसटीसारखी बस, खिडकीची काच बंद, आत कारकून. खाली ड्रायव्हर धावत येतो. ड्रायव्हर बाहेरून काचेला तोंड लावून कारकुनाला काहीतरी सांगतो, आणि नेमका तिथेच आवाज नाही. शब्द नाहीत, संगीतही नाही. दिग्दर्शकाने मोठ्या हौसेने ती जागा प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडली असणार. आमच्याकडे ‘आवाज! आवाज!’ असा गिल्ला झाला, खुर्च्या बडवल्या गेल्या, ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आणि त्या गदारोळात माझे मामा उभे राहिले. चोवीस लूमवरूनही पलीकडे पोचेल अशा आवाजात ते म्हणाले, ‘गप ऱ्हावा रे! तो बोलतोय. “चाबी वहीं रखी है. जब आना हो, आ जाना. मैं ताला नहीं बदलूँगा.”’

सगळं थिएटर चिडीचूप झालं. मागून चाचांचा घोगरा आवाज आला, ‘बराबर. यही बोला.’ मग उजवीकडून कुणीतरी, डावीकडून कुणीतरी, अंधारात ठिकठिकाणी माणसं म्हणाली, ‘हां, यही बोला.’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जगात इतर कुठे ते वाक्य कुणाला ऐकू आलं नसेल, पण इथे निम्म्या लोकांनी ते वाचलं होतं. बस निघून गेली. मामा उभेच होते आणि त्यांना बसा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. दिवे लागले तेव्हा चाचा टॉवेलने तोंड पुसत होते. पैशांचा विषय कुणीच काढला नाही.

बाहेर आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी ग्लास खाली ठेवला आणि मामांच्या अगदी समोर झालो. तोंड उघडलं, आणि माझं मलाच ऐकू आलं, ‘मामा, अजून एक चहा?’

‘किती चहा पाजशील रं?’ मामा म्हणाले. ‘दापोड्याचा हाय ना तो? दुसऱ्या शिफ्टचा?’

मी टपरीच्या बाकड्यावर बसलो.

‘गॅलरीत उभा ऱ्हाऊन फोन लावतोस,’ मामा म्हणाले. ‘आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलतोस. आणि समोर मी ओट्यावर बसलेला. मला हळू काय नि जोरात काय?’

‘कधीपासून?’ मी कसंबसं विचारलं.

‘झाली की दोन वर्सं.’

या दोन वर्षांत मी त्या गॅलरीत काय काय बोललो होतो ते आठवून माझे कान तापले. मामांनी ते ओळखलं असावं. ‘समदं न्हाय बघितलं,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू झाला. ‘पहिल्या दिशी दिसलं तेवढंच. मग तू फोन काढला की मी तोंड फिरवायचो. माणसाचं असतं ते.’

खरंच होतं. मी फोनवर असताना मला त्यांची नेहमी पाठच दिसायची. मला वाटायचं, संध्याकाळचं ऊन डोळ्यावर येतं म्हणून असे बसतात. नवरदेवाच्या आत्याला न सोडणारा हा माणूस दोन वर्षं माझ्यासाठी भिंतीकडे बघत बसला होता आणि मामींनाही बोलला नव्हता. मी टपरीवर ढसाढसा रडलो. मामांनी चहावाल्याला मोठ्याने कारण सांगितलं, ‘पिक्चर लय भारी हाय. जाऊन ये.’ मग मला म्हणाले, ‘ताईला तू सांग. तुझ्या तोंडानं सांग. माझ्याकडून न्हाय जायाचं. आणि त्याला रविवारी जेवायला आण, बघू तर कसा बोलतो.’ तो जेवायला आला. मामांनी त्याला एकच तक्रार ऐकवली, मिशीमुळे त्याचा वरचा ओठ नीट दिसत नाही. पुढच्या रविवारी तो मिशी काढून आला.

आता मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की ते कानाचं मशीन खिशातून काढून दाखवतात आणि म्हणतात, ‘एक वस्तू सांभाळतोय ती बस हाय.’ लांबचं त्यांना धूसर दिसतं. मी गॅलरीत फोनवर असलो की आता ते तोंड फिरवत नाहीत, उलट ओट्यावरून हात हलवून विचारतात, काय म्हणतो तो? मग मला फोन बाजूला धरून कठड्यावर वाकावं लागतं, आणि भर गल्लीवरून, आवाज न काढता, एकेक शब्द मोठं तोंड करून सांगावा लागतो. शेजारी आई कपडे वाळत घालत असते. मामांच्याच शेडमध्ये, त्याच धडधडाटात, तिने आठ वर्षं सुताच्या कांड्या भरायचं मशीन चालवलंय. तिला मी अजून सांगितलेलं नाही. ती चिमटे लावता लावता माझ्याकडे बघते, आणि मी तोंड न वळवता, सावकाश, परत एकदा सांगतो.