ठेवणीतली गाडी

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन खोललं की आधी वास येतो. शिळं पेट्रोल, आंबलेलं ऑइल आणि ओला गंज. भोसरीत माझं इंजिनं खोलून बांधायचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं हेच करतोय, पण या वासाची सवय काही झाली नाही. त्या दिवशी डबा घशाखाली उतरत नाही. तसाच परत नेला की बायको विचारते, आज कुणाची ठेवणीतली आली वाटतं?

ठेवणीतली हा आमच्या घरातला कुचेष्टेचा शब्द. पिंपळे सौदागरच्या मोठमोठ्या सोसायट्यांतून लोक गाडी ओढून आणतात आणि वर तोंड करून सांगतात, गाडी अगदी ठेवणीतली आहे हो, वापरलेलीच नाही. अरे, ती काय पैठणी आहे, कपाटात घडी घालून ठेवायला? तळघरातल्या पार्किंगमध्ये चार पावसाळे प्लास्टिक पांघरून उभी केली, की त्या प्लास्टिकखाली ती घामेजते. दमट हवा इंजिनात शिरते, गार लोखंडावर तिचं पाणी होतं, आणि जिथे ऑइल ओघळून गेलंय तिथे गंज चढतो. झाकण उघडून दाखवलं की हीच माणसं रुमाल नाकाला लावून चार पावलं मागे सरकतात. स्वतःच्याच गाडीची घाण, पण बघवत नाही.

त्यातही माझ्या डोक्यात तिडीक जाते ती गाडी हलती ठेवणाऱ्यांची. म्हणजे गाडी कुठे न्यायची नाही, जागेवरच सेल मारायचा, पाच मिनिटं घुरघुरवायची आणि बंद करायची. यांना वाटतं आपण गाडीची काळजी घेतली. पेट्रोल जळताना त्यातून पाणीही निघतं. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर जाते. पाच मिनिटांत बंद केलं तर ते सगळं आतच राहतं, ऑइलमध्ये उतरतं आणि आतून खात बसतं. नुसती उभी गाडी परवडली. हे सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली. गाडी चालू केली तर अर्धा तास फिरवा. फिरवायची नसेल तर किल्लीला हात लावू नका. लोक वाचून हसायचे, फोटो काढून न्यायचे. त्या पाटीचा मला भारी तोरा होता.

आणि माझे वडील, आबा, दर अमावास्येला नेमकं तेच करत होते.

गावठाणातलं जुनं घर पाडून आम्ही तीन मजले चढवले. आबा खाली राहतात, आम्ही वर. बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची गाडी. पांढरी, चौकोनी, आमच्या भावकीतली पहिली. मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, पण विकायचं नाव काढू दिलं नाही. अमावास्येला सकाळी अंघोळ करून ते शेडमध्ये जायचे. पुढच्या बंपरला नवी लिंबू-मिरची, बॉनेटखाली बॅटरीच्या मागे एक लिंबू, चाकाशी नारळ. मग आत बसून सेल मारायचे, दोनदा जोरात रेस द्यायचे, पाच मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. नऊ वर्षांत एक अमावास्या चुकली नाही.

तो आवाज मला वर चहा पिताना ऐकू यायचा. पहिल्या वर्षी एकदा वाटलं, खाली जाऊन सांगावं. मग म्हटलं, जाऊ दे. आबांना काही सांगायचं म्हणजे वाद, वादानंतर दोन दिवस अबोला. त्यापेक्षा म्हातारा दहा मिनिटं खूश राहतो, आपल्या डोक्याला ताप नाही. आणि खरं सांगायचं तर ती गाडी माझ्या लेखी भंगारच होती. बॅटरी उतरली की नवी मात्र मीच आणून बसवायचो. झाकण काढून ऑइल बघायचं एकदाही सुचलं नाही. सुचलं असेल, पण केलं नाही.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आबा बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं, वर्षभर शेडकडे जाणं नाही. यंदा काठी घेऊन चालायला लागल्यावर पहिल्याच अमावास्येला ते गाडीत बसले. किल्ली फिरवली तर नुसता टक् असा आवाज आला. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. चाकणच्या पलीकडे आमची आत्या राहते, त्यांच्याहून थोरली, ऐंशीच्या पुढची. भाऊबीजेला तिच्याकडे स्वतःच्या गाडीतून जायचं, चालवायला मी असलो तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्याच्या गाडीत बोचक्यासारखं बसून तिच्या दारात उतरायचं नाही. गाडी चालवणं सोडल्यापासून त्यांनी माझ्या धंद्यातलं काम मला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. शेजारपाजारची मशीनं बंद होती. मी गाडी वर्कशॉपला ओढून नेली आणि एकटाच बसून इंजिन खोललं.

बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे लिंबांचा खच, बॅटरी बदलताना मी कधी नीट न पाहिलेला. वाळून काळी ठिक्कर पडलेली, काहींना बुरशी धरलेली. टाकून कशी द्यायची म्हणून आबांनी जुनी तिथेच ठेवलेली. एकेका अमावास्येचं एकेक. ती गोळा करताना ओशाळल्यासारखं झालं, पण खरी घाण पुढेच होती. एअर फिल्टरचा डबा उघडला तर उंदरांनी सीटचा कापूस आणून संसार थाटलेला, लेंड्या, आणि एक वाळलेलं पिल्लू. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट चिकट थर, महिनाभर विसरलेल्या सायीसारखा. शी. हाताने पुसवेना, फडक्यानेही पुसवेना. खालच्या चेंबरचा बोल्ट सोडला तर आधी पाणी आलं. ऑइलच्या जागी पाणी! मग राखाडी गाळ, गचागचा, पडताना आवाज करत. मला खरंच ओकारी आली. बाहेर जाऊन चूळ भरली.

हेड काढलं. दोन पिस्टन गंजाने सिलिंडरला असे चिकटले होते की लाकूड ठेवून हातोड्याने ठोकून काढावे लागले. आतल्या भिंतीवर खड्डे, नखाला लागतील एवढे. बेअरिंग काळी पडून खरवडलेली. इंजिनाचा हा ब्लॉक मी स्वतः दोनदा बोअर केला होता, म्हणजे सिलिंडर आतून कापून साफ केले होते, पहिल्यांदा तर धंदा शिकताना. आता त्यात कापायला लोखंड उरलं नव्हतं. आत नवी नळी, म्हणजे लायनर, ठोकावा म्हटलं, तर इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं त्या बाजूनेही गंजाने पोखरून काढलेलं. पारखून झालं आणि मी तिथेच पालथ्या डब्यावर बसून राहिलो. रोज दुसऱ्यांच्या मूर्खपणाला शिव्या घालायचो. आज शिव्या घालायला समोर कोणी नव्हतं.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि आबा उतरले. गुरुवार असल्यामुळे मी निवांत असेन म्हणून कितीतरी वर्षांनी इकडे बघायला आले होते. मी खुर्ची दिली. ते सुटे भाग बघत राहिले, मग काठीच्या टोकाने गाळाच्या ट्रेकडे दाखवलं.

"हे आपल्या गाडीतलं हाय?"

मी हो म्हटलं.

"कशानं झालं?"

उभी राहिली म्हणून झालं, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. पण आबांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली होती. ते पाटी वाचत होते. चष्मा सारखा करून, ओठ हलवत, एकेक अक्षर. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"ही पाटी कवा लावलीस?"

"झाली सात-आठ वर्षं."

मग शांतपणे, अजिबात आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "माझ्या गाडीचा आवाज वर येत व्हता ना तुला?"

"येत होता."

आबांनी मान हलवली. गाडीचं काय होईल हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, की हे इंजिन आता होणार नाही. व्हय, दिसतंय, म्हणाले आणि काठी टेकत रिक्षेकडे गेले. त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी दहा वेळा साबणाने हात धुतले, तरी जेवताना बोटांना वास येत होता.

लक्ष्मीपूजनाची अमावास्या आली तेव्हा मी चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत उभा होतो. आबा अंघोळ करून बाहेर आले, रिकाम्या शेडकडे बघितलं आणि आत गेले. हातात लिंबू नव्हतं.

भाऊबीजेला माझ्या गाडीतून निघालो. आबा मागे बसले, मांडीवर पिशवी घेऊन. मोशीच्या पुढे नेहमीसारखी कंटेनरची रांग लागली, तासभर आम्ही गोगलगाईच्या गतीने सरकत होतो. त्या तासात सांगता येण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. चुकलो, एवढा एक शब्द पुरला असता. मी रेडिओ लावला.

आत्या ओट्यावर वाट बघत बसली होती. तिने आधी आमच्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं. मग भावाला विचारलं, तुझी पांढरी गाडी कुठाय रं?

आबा पायरीवर बसले, काठी बाजूला ठेवली.

"माझ्याच हातनं खराब झाली, आक्का," ते म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं. ह्यानं लई खटपट केली."

आत्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बापाची गाडी नीट करायला धडपडलास, गुणाचा लेक हायेस, म्हणाली आणि फराळाची ताटली पुढे केली. आबा अंगणाकडे बघत होते.

मी करंजी उचलली आणि खाल्ली.