मावशीच्या मानाची साडी

लेकीसाठी एक स्थळ मनात भरलं होतं. समाजाच्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर मी रोज बघे. त्या मुलाच्या फोटोखाली 'स्थळ उपलब्ध' असंच दिसे. उमरखेडची धाकटी बहीण मात्र फोनवर म्हणाली, "ताई, त्याचं जमलं. तुह्या फोनमंधी जुनंच पान दिसून राह्यलं. कॅशे साफ कर, म्हंजे नवं दिसन."

कुठंतरी पाणी मुरत होतं. तिचीही पोरगी लग्नाला आलेली. माझ्याच फोनमधलं मलाच कायले पुसायला लावते ही? मी काही इतकी भोळी नाही.

शेवटी दारव्ह्याच्या मोबाईलवाल्याकडून साफ करून घेतलं. पान ताजं झालं, 'विवाह निश्चित'.

ओशाळून धाकटीला फोन लावला. "खरं होतं व तुह्यं. कोणासंग जमलं त्याचं?"

"ताई, मावशीच्या मानाची साडी कोणत्या रंगाची घेऊ तुले?"