शेठजींची चार बोटं

मी एके काळी दांडीवरच्या कसरतीत देशात दुसरी आले होते. हे वाक्य धुळ्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतो, मग विचारतो, म्हणजे नेमकं काय करायचात? मी सांगते, दांडीवर चालायचे, उड्या मारायचे, हातांवर उभी राहायचे. मग तो हसतो. आपल्याकडे लोक शाळेला दांडी मारतात, दांडीवर धोतरं वाळत घालतात, क्रिकेटात दांडी गुल होते. दांडीवर चालून एखादी मुलगी देशात दुसरी येते, हे कुणाला पटत नाही. मलासुद्धा पटायला वेळ लागला होता.

गोष्ट साठ सालानंतरची, मी शाळेत होते तेव्हाची. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या व्यायामशाळेने मुलींचा विभाग काढला, तो मुलींसाठी काढला असा कुणाचाही गैरसमज नको. मुलींचा विभाग असला की सरकारी अनुदान लवकर सुटतं, असं सेक्रेटरींना कुणीतरी सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच शाळेचे ड्रिलमास्तर. त्यांनी लगोलग या विभागासाठी समिती नेमली आणि तिच्यात सगळे पुरुष घेतले. एखादी बाई घ्यावी अशी सूचना आली होती, पण इतक्या पुरुषांत एकट्या बाईने बैठकीला बसणं बरं दिसणार नाही, म्हणून ती बारगळली.

शिकवायला नाना होते. नाना व्यायामशाळेचे वस्ताद, साठी उलटलेली, कानाच्या पाळ्या कुस्तीत चेपलेल्या. मुलींचं जिम्नॅस्टिक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं शास्त्र सांगून टाकलं. कुस्तीत समोरच्याला पाडायचं असतं. तुझ्या खेळात समोर कुणी नाहीच, तेव्हा स्वतःला पाडू नकोस म्हणजे झालं. पुढे मोठ्या शहरांतले शिकलेले प्रशिक्षक मी पाहिले, पण याहून जास्त कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता दांडी पाहिजे. लाकूड द्यायचं शेठजींनी कबूल केलं. शेठजींच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे कापसात बस्तान बसवलं होतं. त्यांचा जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना होता आणि माझे वडील त्या जिनात कारकून होते. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ शेठजींसमोर खुर्चीत बसत नसत, आणि शेठजी नसले तरी त्यांच्या खुर्चीसमोरही बसत नसत.

दांडीची मापं पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी चिठ्ठीवर लिहून पाठवली होती. लांबी सोळा फूट. तिच्या खाली उंची चार फूट. तिच्या खाली रुंदी चार, आणि त्या चाराच्या डोक्याशी नुसत्या दोन बारीक रेघा. सेक्रेटरी म्हणाले, या रेघा म्हणजे इंच. शेठजी म्हणाले, आमच्या पेढीवर अशा दोन रेघा म्हणजे वरीलप्रमाणे, तेव्हा रुंदीही चार फूट. पण चार फूट रुंदीचा सागवान म्हणजे किती पैसे, हे लक्षात आल्यावर त्यांनी आपलं मत स्वतःच मागे घेतलं. एक सभासद म्हणाले, चार फूट रुंद म्हणजे पलंग झाला, त्यावर कोण पडेल? शेवटी नानांनी तोडगा काढला. चार बोटं असणार. पैलवानाच्या लंगोटाची पट्टीसुद्धा चार बोटंच असते.

पण बोटं कुणाची? नानांचा पंजा म्हणजे केळ्यांची फणी. शेठजींची बोटं लांब, बारीक, देण्यापेक्षा मोजण्याला सरावलेली. सुताराने दोघांचे हात पाहिले आणि पेन्सिल कानामागे खोचली. तेव्हा शेठजी पुढे झाले आणि चार बोटं जुळवून फळीवर टेकवत म्हणाले, "लाकूड माझं, तर बोटं पण माझी." सुताराने तिथेच पेन्सिलीची रेघ मारली. रुंदी तीन इंचांनासुद्धा थोडी कमीच भरली, पण ते पुढे कळलं.

त्या दांडीवरून मी किती वेळा पडले ते विचारू नका. खाली गाद्या होत्या, शेठजींनीच दिलेल्या, गोणपाटात जिनातला टाकाऊ कापूस भरलेला. त्यात सरकी तशीच राहिलेली. पाठीवर पडलं की एकेक सरकी पाठीत रुतायची. बाकीच्या मुली महिनाभरात गळाल्या. कुणाच्या आजीने बंद केलं, कुणाला बघायला पाहुणे येणार होते. मी राहिले. कारण साधं होतं. घरी, शाळेत, रस्त्यात मला सदान् कदा कुणी ना कुणी सांगायचं, अशी चालू नको, अशी बसू नको. दांडीवर चढले की कुणाचाच आवाज ऐकू यायचा नाही. तेवढ्यासाठी मी सरकीसुद्धा सोसली.

जळगावला राष्ट्रीय स्पर्धेसाठी आमच्या भागातल्या निवड चाचण्या झाल्या. मैदानात मंडप घातला होता आणि मंडपात खरी दांडी होती, मुंबईहून मालमोटारीने आणलेली. ती पाहून मला वाटलं, ही दुसऱ्याच कुठल्या खेळाची असावी. किती रुंद! मी चढले आणि पाऊल टाकलं, तर पावलाच्या दोन्ही बाजूंना जागा उरली. सोनगीरच्या बाजूला मुंबई-आग्रा रस्ता जसा मोकळा लागतो, तसं वाटलं मला. बाकीच्या मुली हात पसरून, श्वास कोंडून चालत होत्या. मी जणू दळण घेऊन निघाले होते. गिरकी, कोलांटी, हातांवर उभं राहणं, सगळं झालं आणि मी पहिली आले. नानांनी खिशातून सुताराची टेप काढून ती दांडी मोजली आणि टेपवरचा आकडा माझ्यापुढे धरला, पुरे चार इंच.

शेठजींना तर स्वर्ग दोन बोटं उरला, आणि त्यांच्या बोटांनी मोजला तर आणखीच जवळ. मापात चूक झाली होती असं त्यांनी कधीच मानलं नाही. मी मुद्दामच अरुंद करवून घेतली, असं ते गावभर सांगत सुटले.

पण त्याच दिवशी एक अडचण उभी राहिली. समितीच्या ठरावानुसार मी फ्रॉक घातला होता, गुडघ्याखाली चार बोटं, आणि आत सलवार. फ्रॉकचा घेर एकदा टाचेत अडकला होता. मुंबईहून आलेल्या पंचबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, तू छान करतेस, पण राष्ट्रीय स्पर्धेला नियमाचा पोशाख लागतो. अंगाबरोबर बसणारा, पाय मोकळे. त्याशिवाय तुला दांडीवर चढूच देणार नाहीत.

मी धुळ्याला परतले. मला राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं. त्याआधी मला आयुष्यात कशाचीच इतकी ओढ लागली नव्हती.

समितीची बैठक व्यायामशाळेतच भरली. भिंतीवर मारुतीराय लंगोटात. खाली आखाड्यात गावची तरणी पोरं लंगोटात. आणि मध्ये सतरंजीवर चर्चा माझ्या गुडघ्यांची. एक जण म्हणाले, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही. दुसरे म्हणाले, अनुदानाच्या दृष्टीने बसतं. सेक्रेटरींनी सुवर्णमध्य सुचवला की फ्रॉक थोडा अंगाबरोबर करावा, पण लांबी तीच ठेवावी. नाना एकटे म्हणाले की मग ती पडेल. त्यावर एक सभासद उत्तरले की पडली तर पडली, अब्रू तर राहील.

मला कपड्याच्या मापासाठी बोलावलं होतं, आणि संध्याकाळच्या वेळी एवढ्या पुरुषांत सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून आई बरोबर आली होती. आई सोनगीरकडच्या खेड्यातली, अहिराणी बोलणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. कपाळापर्यंत पदर ओढून ती दाराशी उभी होती. भाऊ सतरंजीच्या अगदी काठावर बसले होते, निम्मे जमिनीवर.

शेठजींनी कापडसुद्धा स्वतःच देऊ केलं. मग मापं घ्यायला आलेल्या शिंप्याने विचारलं, गुडघ्याखाली चार बोटं कुणाच्या हाताची धरू? शेठजी हसत उठले. पुन्हा तोच तर्क. कापड माझं, तेव्हा बोटंही माझीच. ते माझ्याकडे आले आणि चार बोटं जुळवून माझ्या गुडघ्याशी वाकले. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मी दगडासारखी उभी होते. भाऊंनी मान खाली घातली.

आई दारातून आत आली. मला हाताला धरून तिने मागे घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "लाकूड तुमनं व्हतं, म्हनीसन बोटे तुमना. कपडा तुमना शे, तो तुमनाजवळ ऱ्हाऊ द्या. पोर मनी शे. पोरना आंगवर बोटे मनाच पडतीन."

शेठजी वाकलेले होते ते सरळ झाले आणि आपल्या बोटांकडे बघायला लागले. इतिवृत्तात काय लिहावं ते सेक्रेटरींना सुचेना. नाना मारुतीच्या तसबिरीकडे तोंड करून उभे राहिले. ते हसत होते की डोळे पुसत होते, हे मला कळलं नाही. मला मात्र आईचा इतका अभिमान वाटला की तिथेच रडू कोसळलं.

भाऊंची नोकरी शेठजींकडे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. घरी आल्यावर आई म्हणाली, अंगाबरोबर ताणलं जाईल असं कापड पाहिजे. भाऊ उठले, दोरीवरचे आपले दोन होजिअरीचे बनियन काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माझ्या वडिलांनी आयुष्यात केलेलं ते एकमेव बंड. आईने ते बनियन रंगाच्या पुडीत निळे केले, बोटांनी माझ्या खांद्यापासून मापं घेतली आणि हातशिलाईने पोशाख शिवला. घाम आला की त्याचा रंग सुटायचा. राष्ट्रीय स्पर्धेतल्या माझ्या फोटोत बगलेपासून कोपरापर्यंत निळे ओघळ आहेत. कृष्णधवल फोटो असल्यामुळे ते मळ वाटतात.

दूर उत्तरेतल्या त्या स्पर्धेत मी जमिनीवरच्या कसरतीत सपशेल आपटले, लाकडी घोड्यावरून उडी मारताना हात चुकला, पण दांडीवर दुसरी आले. परतले तेव्हा स्टँडवर बँड होता. समितीने सत्कार केला आणि मला नऊवारी लुगडं दिलं, बहुधा उरलेलं अंग झाकायला. शेठजींनी भाषणात हात वर करून चार बोटं दाखवली आणि टाळ्या घेतल्या. भाऊंची नोकरी राहिलीच, उलट शेठजी त्यांना चारचौघांत "आमच्या चॅम्पियनचे वडील" म्हणू लागले. पुढे आणखी दोन-तीन वर्षं मी खेळले. मग गुडघा गेला, आणि मग जळगावला लग्न झालं. पाहुणे मला बघायला आले तेव्हा त्यांनी चालून दाखव म्हटलं. मी चालले, आणि हसू दाबताना तोल जाता जाता राहिला. शेठजींची दांडी आता व्यायामशाळेच्या भिंतीशी आडवी आहे. तिच्यावर लोक चपला ठेवतात.

पण मला सांगायची आहे ती सत्काराच्या संध्याकाळची गोष्ट. घरी आल्यावर आईने माझे पाय मांडीवर घेतले आणि तळव्यांना तेल चोळायला बसली. तिने मला दांडीवर कधी पाहिलं नव्हतं. सरावाच्या वेळी बायका व्यायामशाळेत येत नसत. बोलता बोलता तिने विचारलं की तिकडची ती दांडी कितीशी रुंद होती. मी तिचा हात घेतला, चार बोटं जुळवली आणि म्हटलं, एवढी. याहून जराशी जास्त.

आईने आपल्या बोटांकडे पाहिलं. तेलाने माखलेली, रंगाच्या पुडीने अजून निळसर असलेली.

"इतली व्हती?" ती म्हणाली. "मंग ते पुष्कळ व्हतं."

आणि ती दुसऱ्या पायाला तेल लावायला लागली.