पदराबाहेरचे हसू

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवणारी ती बाई बोंबील टांगलेल्या मांडवाखालून जाताना एखादा बोंबील ओढी आणि मान कलती करून दाढेखाली मोडी. कटकन आवाज आला, की माल सुकला. तिचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नसत. हसताना ती पदर ओठांवर घेई.

यंदा तिने ऑपरेशन करून जबडा सरळ करून घेतला. कितीतरी दिवस रबरांनी आवळलेल्या दातांतून ती पेज ओढत राहिली. दुखते का विचारले, की नुसते डोळे मिटी.

काल मी मांडवाखाली गेले, तर तिने बोंबील माझ्या हाती दिला. "तू चाव गो बाय. माजी दाढ अजून सुट्टीवर हाय."

मी तो दाढेखाली धरला. तिने कान माझ्या गालाशी आणला. कटकन आवाज झाला आणि ती हसली, पदराविना. जुळलेले दात उन्हात लखलखले. मात्र ऑपरेशनपासून बधिर असलेल्या ओठावरून लाळ हनुवटीपर्यंत ओघळली होती, हे तिला जाणवलेच नाही. थेंब तिच्या मनगटावर पडला तेव्हा तिने खाली पाहिले.

मग तिचा हात सवयीने पदराकडे गेला.